सागरी रेडिओच्या हॅण्डसेटची केबल : एक कृतिपाठ

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायातील एखादा उपयुक्त पाठ लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. मी कोकण किनाऱ्यावरील एका तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय-अभ्यासक्रम शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी बंदरावरील मच्छीमार बोटींची उपकरणे दुरुस्त करून देतो. या कामात जी दुरुस्ती मला सर्वांत अधिक वेळा करावी लागते, जी सर्वांत कमी खर्चाची आहे आणि तरीही जी सर्वांत अधिक काळ टाळली जाते, तीच येथे मांडत आहे. ती म्हणजे जुन्या सागरी रेडिओच्या हॅण्डसेटची झिजलेली केबल बदलणे. विषय लहान आहे. परंतु त्याच्याशी माणसांचे जीव बांधलेले असतात, हे पुढील हकिकतीवरून ध्यानी येईल.

एका रात्रीची हकिकत

काही वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतरच्या हंगामात, आमच्या बंदरातील एका बोटीचे इंजिन रात्री भर समुद्रात बंद पडले. बोट किनाऱ्यापासून सुमारे १२ सागरी मैलांवर, म्हणजे २२ किलोमीटरवर होती. मोबाईलला रेंज नव्हती. वारा वाढत होता आणि बोट त्याच्याबरोबर वाहत चालली होती. तांडेल धरून बोटीवर सात माणसे होती.

तांडेलाने रेडिओचा हॅण्डसेट उचलला, बटण दाबले आणि मदतीसाठी हाका मारण्यास सुरुवात केली. इतर बोटींचे बोलणे त्याला स्वच्छ ऐकू येत होते. त्याचे बोलणे मात्र कोणालाच ऐकू जात नव्हते. दूरच्या बोटींवर केवळ एवढेच कळत होते, की मधूनमधून रेडिओ 'टक्' करून उघडतो, क्षणभर शांत राहतो आणि पुन्हा बंद होतो. अनेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. एका वयस्क तांडेलाला मात्र शंका आली. त्याने रेडिओवरून विचारले, "कोण बटण दाबतंय? अडचणीत असाल तर दोनदा दाबा."

दोनदा 'टक्' झाले.

मग त्याने बंदरातील बोटींची नावे एकामागून एक घेतली. योग्य नावावर पुन्हा बटण दाबले गेले. बोट कोणत्या गावासमोर आहे, हेही त्याने याच रीतीने विचारून घेतले. शेवटी तो म्हणाला, "किती वाव पाण्यात आहात? जेवढे वाव, तेवढ्या वेळा दाबा." त्याने १८ पर्यंत मोजले. किनाऱ्यावरील गाव आणि पाण्याची खोली, एवढ्या दोन खुणांवर तीन बोटी शोधावयास निघाल्या. पहाटे ती बोट सापडली आणि दोर बांधून बंदरात आणली गेली.

दुसऱ्या दिवशी तो तांडेल हॅण्डसेट घेऊन माझ्याकडे आला. हॅण्डसेटच्या मुळाशी केबलला काळी चिकटपट्टी जाड गुंडाळलेली होती.

"काका, ही पट्टी कधीपासून आहे?" मी विचारले.

"दोन वर्षं झाली असतील, सर. आवाज तुटायला लागला की पट्टीवर पट्टी मारायची. बरं चालत होतं."

पट्टी सोडविली तेव्हा आतील दोष उघड झाला. माईकची तार तुटलेली होती. बटणाची तार मात्र शाबूत होती. दोन तारांपैकी एक टिकून राहिली आणि ऐकणाऱ्यांत एक जाणता माणूस होता, म्हणून सात माणसे घरी परतली. ती तारही तुटली असती, तर त्या रात्री दर्यावर 'टक्' देखील उमटले नसते.

यंत्राची ओळख

मच्छीमार बोटींवर सामान्यतः आढळणारा सागरी रेडिओ व्हीएचएफ पट्ट्यात, म्हणजे सुमारे १५६ ते १६२ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्यांवर चालतो. बोटीवर पक्का बसविलेला संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याची प्रक्षेपणशक्ती अधिकाधिक २५ वॅट असते आणि जवळच्या संभाषणासाठी ती १ वॅटपर्यंत उतरविता येते. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे जगभर संकटाची हाक देण्यासाठी आणि प्रथम संपर्कासाठी राखलेले आहे.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून संपर्काचे अंतर मुख्यत्वे अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असते. त्याचे सोपे गणित असे : दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये असते. दोन बोटींच्या अँटेना प्रत्येकी ९ मीटर उंचीवर असतील, तर ३ अधिक ३ गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. किनाऱ्यावरील अँटेना १०० मीटर उंचीवर असेल, तर तेच अंतर सुमारे ५४ किलोमीटर होते. हा हिशेब कमाल मर्यादेचा आहे. प्रत्यक्षात अडथळे आणि यंत्राची स्थिती यांमुळे अंतर कमी भरू शकते.

बोटीचा मालक अँटेना आणि बॅटरी यांवर खर्च करावयास तयार असतो. कारण त्या डोळ्यांना दिसतात आणि त्यांची किंमतही मोठी असते. परंतु माणसाचा आवाज त्या अँटेनापर्यंत पोहोचण्यापूर्वी हातभर लांबीच्या एका गुंडाळीदार केबलमधून जातो. ती केबल निकामी झाली की २५ वॅट आणि २५ किलोमीटर या दोन्ही संख्यांना अर्थ उरत नाही.

केबल का झिजते

या केबलमध्ये संचाच्या रचनेनुसार साधारणपणे चार ते आठ बारीक तारा असतात. एक माईकची, एक बोलण्याच्या बटणाची, एक सामाईक जोडणीची; हॅण्डसेटमध्ये स्पीकर असल्यास त्याची आणखी एक; काही संचांत चॅनल बदलण्याच्या बटणांची किंवा वीजपुरवठ्याची वेगळी. माईकचा संकेत अत्यंत क्षीण असतो. शेजारच्या शक्तिमान प्रक्षेपणाचा उपद्रव त्याला होऊ नये, म्हणून त्या तारेभोवती तांब्याचे जाळीदार आवरण असते.

झीज तीन कारणांनी होते. पहिले कारण वाकणे. केबल जेथून हॅण्डसेटमध्ये शिरते, तेथेच ती दर वेळी मुडपते आणि आतील तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. दुसरे कारण खारे पाणी. आवरणाला चीर पडली की ओलावा आत शिरतो आणि तारेच्या आतून दूरपर्यंत झिरपत जातो. तांबे प्रथम काळे आणि पुढे हिरवट पडते. तिसरे कारण ऊन. त्याने बाहेरचे आवरण कडक होऊन तडकते. चिकटपट्टीने यांपैकी एकही कारण दूर होत नाही. उलट तिच्याखाली ओलावा कोंडला जातो आणि दोष नजरेआड होतो.

दोष ओळखणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष केबलचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. बटण दाबले असता संचावरील प्रक्षेपणाचा दिवा लागतो, परंतु समोरच्याला बोल ऐकू येत नाहीत, तर दोष माईकच्या तारेत किंवा माईकमध्ये आहे. दिवा लागतच नाही, तर बटणाची तार किंवा बटण तपासावे. केबल हलविली की आवाज येतो-जातो, तर तार आतून तुटून केवळ टोकांना टेकलेली आहे.

चौथा प्रकार सर्वांत घातक आहे. बटण न दाबताही दिवा लागलेला राहतो. केबलमधील बटणाची तार सामाईक तारेला चिकटली किंवा बटणच अडकले, तर असे होते. असा संच चॅनल १६ वर असेल, तर त्याच्या अखंड लहरीखाली परिसरातील इतर बोटींच्या हाका दबून जातात. अनेक नव्या संचांत ठरावीक मिनिटांनंतर प्रक्षेपण आपोआप थांबविण्याची सोय असते. जुन्या संचात ती असेलच असे धरून चालू नये. म्हणून आपली झिजलेली केबल ही केवळ आपल्या बोटीची बाब नाही. ती शेजारच्या बोटीचाही आवाज बंद करू शकते.

साहित्य

मल्टीमीटर, बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री, ६०-४० किंवा ६३-३७ प्रतीची कथिल-शिशाची सोल्डर तार, राळेचा फ्लक्स, हीट-श्रिंक नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक ब्रश, वही आणि पेन्सिल. नळकामात वापरतात तो आम्लयुक्त फ्लक्स येथे कदापि वापरू नये. तो मागाहून तांबे खात राहतो.

नवी केबल घेताना तारांची संख्या जुन्याइतकी किंवा एखादी अधिक असावी आणि माईकसाठी जाळीदार आवरणाची तार असावी. आतील तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली केबल खाऱ्या हवेत अधिक टिकते. बाहेरची जाडी जुन्या केबलइतकीच असावी; अन्यथा पाणी अडविणारे रबर घट्ट बसत नाही. दुसऱ्या कंपनीचा तयार हॅण्डसेट केवळ प्लग सारखा दिसतो म्हणून लावू नये. प्लगचा आकार एकच असला तरी आतील जोडणी निराळी असू शकते, आणि वीजपुरवठ्याची तार भलत्या ठिकाणी गेली तर संच जळू शकतो.

कृती

१. संच बंद करावा आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारेतील फ्यूज काढून ठेवावा.

२. हॅण्डसेटचे स्क्रू काढून तो सावकाश उघडावा. पाणी अडविणारे रबर कसे बसविले आहे, हे पाहून ठेवावे.

३. आता वही घ्यावी. प्रत्येक तारेचा रंग, ती जेथे जोडली आहे ते स्थान, आणि प्लगमधील तिचा क्रमांक यांचा तक्ता करावा. मल्टीमीटर बीपवर ठेवून प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावी. तुटलेल्या तारेचा बीप येणार नाही. तेथे रंगावरून आणि उरलेल्या स्थानावरून जोडी ठरवावी. रंगांचा अर्थ सर्व कंपन्यांत एकच नसतो. म्हणून लाल म्हणजे वीज आणि काळी म्हणजे सामाईक, असे गृहीत धरू नये.

हा तक्ता पूर्ण होईपर्यंत एकही तार कापू नये. माझ्या उमेदीच्या काळात मी घाईने एक केबल आधी कापली आणि मग रंग पाहावयास गेलो. जुनाट केबलच्या दोन तारा मळून एकाच करड्या रंगाच्या झाल्या होत्या. ती जोडणी पुन्हा शोधण्यात माझे दोन दिवस गेले आणि तेवढे दिवस ती बोट रेडिओविना समुद्रात गेली. त्या दोन दिवसांत काही विपरीत घडले नाही, हे माझे कौशल्य नव्हे.

४. तुटलेली जागा हॅण्डसेटच्या अगदी मुळाशी असेल, तर पूर्ण केबल बदलण्याची गरज पडेलच असे नाही. तेथून चार बोटे केबल कापावी आणि आतील तांबे पाहावे. ते लख्ख असेल, तर तीच केबल नव्याने जोडता येते. काळे असेल, तर आणखी थोडी कापून पाहावी. काळेपणा संपत नसेल, तर मोह सोडून नवी केबल घालावी.

५. जुन्या जोडण्या इस्त्रीने एकेक करून सोडवाव्यात. एक तार सोडविली, की तक्त्यात तिच्यापुढे खूण करावी. जोडणीच्या जागा अल्कोहोलने स्वच्छ कराव्यात.

६. नव्या केबलवर प्रथम रबरी ग्रोमेट आणि हीट-श्रिंक नळीचे तुकडे ओवून घ्यावेत. सर्व तारा सोल्डर झाल्यावर ग्रोमेट टेबलावरच राहिला आहे, हे लक्षात येणे हा प्रत्येक नवशिक्याचा अनुभव आहे.

७. प्रत्येक तार सुमारे ५ मिलिमीटर सोलावी, धागे पीळ देऊन एकत्र करावेत आणि त्यांवर सोल्डरचा पातळ थर द्यावा. सोल्डर आवरणाच्या आत ओढली जाऊ देऊ नये. जेवढ्या भागात ती शिरते तेवढा भाग ताठ होतो आणि तार नेमकी तेथेच मोडते. मग तार जागेवर टेकवून दोन-तीन सेकंदांत जोडणी पूर्ण करावी. थंड झालेली जोडणी गुळगुळीत दिसावी. खडबडीत गोळा झाला असेल, तर ती पुन्हा करावी. जाळीदार आवरण मूळ संचात जेथे जोडलेले होते, तेथेच जोडावे.

८. केबलला बसणारा ताण बाहेरच्या जाड आवरणाने सोसावा, आतील बारीक तारांनी नव्हे. यासाठी केबल हॅण्डसेटमधील पकडीत घट्ट बसवावी आणि आतील तारांना किंचित सैलपणा ठेवावा. या दुरुस्तीचे आयुष्य सोल्डरपेक्षा या पकडीवर अधिक अवलंबून असते.

९. रबर पुसून जागेवर बसवावे आणि हॅण्डसेट बंद करावा. सिलिकॉन लावावयाचे असल्यास न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्या सिलिकॉनमधून आम्ल सुटते आणि तांबे गंजते.

चाचणी

वीज देण्यापूर्वी मल्टीमीटरने तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक तार दोन्ही टोकांपर्यंत अखंड आहे. कोणतीही तार शेजारच्या तारेला चिकटलेली नाही. बटणाची जोडणी दाबल्यावरच जुळते आणि सोडताच तुटते. या तपासणीच्या वेळी केबल दोन्ही मुळांशी वीस वेळा इकडेतिकडे वाकवावी. टेबलावर स्थिर असताना चालणारी केबल लाटांवर चालेलच असे नाही.

त्यानंतर फ्यूज बसवून संच सुरू करावा आणि प्रथम केवळ ऐकावे. अँटेना जोडलेली असल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये. अँटेनाविना प्रक्षेपण केल्यास संचाचा अखेरचा भाग निकामी होऊ शकतो. मग शक्ती १ वॅटवर ठेवून, चॅनल १६ सोडून दुसऱ्या मोकळ्या संभाषण-चॅनलवर, बोटीचे नाव सांगून ओळखीच्या बोटीशी बोलावे. लाल रंगाचे संकट-बटण असलेला संच असेल, तर ते चाचणी म्हणून कधीही दाबू नये. त्याचा संकेत चॅनल ७० वरून इतर बोटींपर्यंत आणि तटरक्षक दलापर्यंत पोहोचतो, आणि खऱ्या संकटातील माणसांची वेळ वाया जाऊ शकते. संचाच्या आतील प्रक्षेपक भागातील कोणताही स्क्रू फिरवू नये. ते काम अधिकृत तंत्रज्ञाचे आहे.

शेवटी हॅण्डसेट टांगण्याची जागा पाहावी. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. हॅण्डसेट होकायंत्राशेजारी टांगला, तर होकायंत्राची सुई दिशा चुकविते.

निगा

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने हॅण्डसेट आणि केबल पुसावी. हॅण्डसेट त्याच्या खुंटीवर अडकवावा. केबलवर लोंबकळत ठेवू नये. बोलताना केबल पूर्ण ताणावी लागत असेल, तर संचाची किंवा खुंटीची जागा बदलावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जाळी विणण्याच्या आणि बोटीला रंग देण्याच्या त्या दिवसांत केबलची तपासणी करावी. त्यासाठी अर्धा तास पुरतो.

पालकांसाठी दोन शब्द

ज्यांची मुले किंवा नातेवाईक समुद्रावर जातात, त्यांनी बोटीवरील प्रत्येकाला हाक देण्याची रीत शिकविण्याचा आग्रह धरावा. केवळ तांडेलाला येऊन भागत नाही. कारण तांडेलच जखमी असू शकतो. चॅनल १६ निवडावे, शक्ती २५ वॅटवर न्यावी, बटण दाबून 'मेडे' हा शब्द तीन वेळा उच्चारावा. मग बोटीचे नाव तीन वेळा, बोट कोठे आहे ते, संकट कोणते, मदत कोणती हवी आणि बोटीवर माणसे किती, हे सांगावे. त्यानंतर बटण सोडावे. बटण दाबलेले असताना उत्तर ऐकू येत नाही. 'मेडे' हा शब्द फ्रेंच भाषेतील 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून आला आणि १९२७ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत संकटाची बोलती खूण म्हणून स्वीकारला गेला. किनाऱ्यावर असलेल्यांना समुद्रातील संकटाची वार्ता कळल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक घरातील भिंतीवर लिहिलेला असावा.

समारोप

आपल्या वसतिगृहात एखादी वस्तू बिघडली, की ती उघडण्यापूर्वी तिचे चित्र काढावयास लावीत असत. तेव्हा आम्हांला त्याचा कंटाळा येई. आज माझ्या कार्यशाळेत मी विद्यार्थ्यांकडून आधी तेच करून घेतो : नोंद आधी, काप नंतर.

त्या सात माणसांच्या बोटीची केबल आम्ही बदलली. नवी केबल बसविल्यानंतर तांडेलाने बंदरातूनच त्या वयस्क तांडेलाला रेडिओवर हाक दिली आणि विचारले, "ऐकू येतंय का?"

पलीकडून उत्तराऐवजी दोनदा 'टक्' झाले, आणि मग दोघेही हसू लागले.

जुनी केबल माझ्या कार्यशाळेच्या भिंतीवर टांगलेली आहे. पट्टी सोडविलेली जागा विद्यार्थ्यांना दिसावी, अशी ती उलटी लावली आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की येत्या जून महिन्यात आपल्या गावातील एका तरी बोटीचा हॅण्डसेट हाती घ्यावा, केबलचे मूळ वाकवून पाहावे, आणि तेथे काळी पट्टी आढळली तर ती सोडवावी.